चाळके सरांचा निर्णय अंतिम

१ जानेवारी, गुरुवार

नवी वही. पहिल्या पानावर नाव, गाव, हुद्दा लिहायचा माझा रिवाज आहे. उद्या वही रद्दीत गेली तरी घेणाऱ्याला कळावं, ही कुणाची रद्दी आहे. आत्माराम चाळके, मुक्काम देवरूख. भूगोलाचा निवृत्त शिक्षक, नोकरी चौतीस वर्षं. आमच्या आळीतल्या वाचनालयाच्या सामान्यज्ञान स्पर्धेचा गेली एकोणीस वर्षं प्रश्नकर्ता आणि एकमेव पंच. स्पर्धेच्या पत्रकावर तळाला दरवर्षी एक ओळ छापतात: 'चाळके सरांचा निर्णय अंतिम राहील.' ह्या तालुक्यात छापली गेलेली एवढी एकच ओळ मी लाल पेन न लावता वाचू शकतो.

यंदा विसावं वर्ष. स्पर्धा पंचवीस तारखेला, रविवारी.

सकाळी संदेश आला होता. हा वाचनालयाचा चिटणीस. वय बत्तीस, आणि वाचनालयात राहूनही वाचनाचा डाग अंगाला लागू दिलेला नाही. तीन गोष्टी सांगून गेला. पहिली, यंदा प्रश्नांची कार्डं नकोत, प्रश्न पडद्यावर दाखवायचे. मी सांगायचे, त्याने टाइप करायचे. दुसरी, राजकारण आणि भूगोल ह्या फेऱ्यांबरोबर 'लोकप्रिय संगीत' अशी तिसरी फेरी. गाण्याचे पहिले दोन सेकंद वाजवायचे आणि गाणं ओळखायचं. म्हणे पब्लिकला आवडतं. पब्लिकला वडापावही आवडतो, म्हणून त्याचीही फेरी ठेवायची का, असं मी विचारलं. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

तिसरी गोष्ट त्याने उठता उठता, चपलेत पाय घालताना सांगितली. "सर, गेल्या वर्षीसारखं ह्या वर्षी काही झालं ना, तर कमिटी म्हणते पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी बघू. मी नाही म्हणत, कमिटी म्हणते."

गेल्या वर्षी काय झालं? काहीही नाही. कझाकस्तानची राजधानी विचारली. मनस्वी नावाच्या कॉलेजातल्या मुलीने 'आस्ताना' सांगितलं. माझ्या वहीत नूर-सुलतान होतं, मी चूक दिली. आता त्या देशाने राजधानीचं नाव बदललं आणि तीन वर्षांत परत जुनंच केलं, ह्यात माझा काय दोष? पोरीने मोबाइल नाचवला आणि सभागृह माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू मीच ती राजधानी हलवली.

थोडक्यात, यंदा एक चूक झाली की खुर्ची गेली. होणार नाही. सामान्यज्ञानाच्या माझ्या सत्तावीस वह्या आहेत, दोनशे पानी.

४ जानेवारी, रविवार

जेवताना यमुना म्हणाली, "कार्डं नाहीत, म्हणजे ह्या वर्षी मला प्रश्न आधी कळणार नाहीत ना?"

"नाहीत."

"मग मला स्पर्धेत बसता येईल."

मला ठसका लागला. यमुना म्हणजे माझी बायको. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. चिपळूणजवळच्या पोफळीच्या वसाहतीत वाढलेली, मॅट्रिक, वडील तिथल्या वीजघरात फिटर. अक्षर मात्र मोत्यासारखं. माझं अक्षर मलाही लागत नाही, म्हणून एकोणीस वर्षं स्पर्धेची कार्डं तिनेच लिहिली. डिसेंबर उजाडला की जेवणाच्या टेबलावर दोन-दोनशे कार्डं घेऊन बसायची आणि लिहिताना एकच गाणं गुणगुणायची. कुठलं ते मला माहीत नाही. मी आतून ओरडायचो, "यमुने, तो भोंगा बंद कर," तेवढ्यापुरतं थांबायचं.

"बस की," मी म्हटलं. "पण जोडी लागते. तुझ्या शेजारी कोण बसणार?"

"बघते कुणीतरी."

"हरलीस तर रडायचं नाही हं."

"रडले होते का मी कधी?"

मी भात मागितला.

९ जानेवारी, शुक्रवार

जोडीदार सापडला! हसून हसून पोट दुखलं.

आवडाबाई. बंदरावरची कोळीण. आठवड्यातून तीन दिवस टेम्पोने पाटी घेऊन देवरूखला येते, बाजारात बसायच्या आधी आमच्या पायरीवर टेकते. शाळा चौथी. मला मास्तर म्हणते. मी हायस्कूलला होतो हे तिला बारा वर्षांत कळलेलं नाही.

"मास्तर, मी बसतंय वैनींच्या जोडीला."

"कुठे?"

"तुमच्या परीक्षेला."

"आवडाबाई, तिथे बांगड्याचा भाव विचारत नाहीत."

"म्हायत हाय. त्यो इचारला आसता तर पयले तुमीच नापास झाला आसता."

यमुना पदर तोंडाला लावून आत गेली. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात. इथे तर एरंडही नाही, नुसती पाटी आणि कोयता. संघाचं नाव त्यांनी 'पायरी' ठेवलंय, कारण तयारी पायरीवर बसून करतात. मी विचारलं, तयारी म्हणजे काय? यमुना म्हणाली, गप्पा मारतो.

जाताना आवडाबाईने नेहमीसारखा घरातल्या जुन्या पेपरांचा गठ्ठा उचलला. मासे गुंडाळायला लागतात तिला. माझ्या चार वर्तमानपत्रांची शेवटी हीच गत. मी सकाळी लाल पेनने खुणा करायच्या, वहीत उतरवून घ्यायचं आणि महिन्याने त्यात सौंदाळे गुंडाळले जायचे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गोड बोलायचा दिवस. सकाळपासून बारा लोक तिळगूळ घेऊन आले आणि बाराही जणांनी विचारलं, "वहिनी बसणार म्हणे यंदा?" जणू काही निवडणुकीला उभी आहे. मी सगळ्यांना सांगितलं, सहभागाचं प्रमाणपत्र सगळ्यांना मिळतं, काळजी नसावी.

संध्याकाळी यमुना स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसली होती. म्हणे संगीताची फेरी. मी म्हटलं, "भूगोलाचं काय? त्यात काय दिवे लावणार?"

"बाबांनी शिकवलाय थोडा."

बाबा म्हणजे माझे सासरे. नाव रघुनाथ, पण वसाहतीत सगळे रघू फिटर म्हणत. पहिल्या दिवाळसणाला मी पोफळीला गेलो, तर जावयाला सोनंनाणं राहिलं बाजूला, हे गृहस्थ मला वीजघराचा बोगदा दाखवायला निघाले! जेवताना बोगदा, सुपारी कातरताना बोगदा. ताटात वरणाची धार सोडून दाखवायचे, पाणी असं येतं, इथून पडतं, इथून निघतं. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि पेपर उघडला. पुढे दरवर्षी न्यायचं म्हणायचे, दरवर्षी माझं डोकं दुखायचं. भूगोल मी विद्यापीठात शिकलो. तो वरणातून शिकायची मला गरज नव्हती.

हे मी तिला बोललोही. तिने रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

१९ जानेवारी, सोमवार

संदेशला प्रश्न सांगितले. यमुनेला मुद्दाम शेजारी पाठवलं, उगाच कुणी बोट दाखवायला नको. दार आतून लावून घेतलं.

प्रश्न यंदा असे काढलेत की भल्याभल्यांची दांडी गुल व्हावी. सर्वांत जास्त प्रमाणवेळा कुठल्या देशात? सगळे रशिया म्हणणार, उत्तर फ्रान्स. कर्कवृत्त भारताच्या किती राज्यांतून जातं? आठ. शेवटचा प्रश्न मात्र मी सोपा ठेवतो, भरल्या पानावरचं जेवण झाल्यावर बडीशेप देतात तसा. कोयनेचं पाणी शेवटी कुठल्या समुद्रात जातं? चौतीस वर्षं आठवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला आणि चौतीस वर्षं चार-दोन ढ पोरं अरबी समुद्र म्हणून छडी खाऊन गेली. विशेषतः चिपळूणकडून शाळा बदलून आलेली. पालथ्या घड्यावर पाणी.

संदेश म्हणाला, "सर, सगळे एकदा नेटवर तपासून घेऊ का?"

मी त्याला सत्तावीस वह्यांची चळत दाखवली आणि म्हटलं, "हे माझं नेट." तो टाइप करायला लागला.

२५ जानेवारी, रविवार

सविस्तर लिहितो. असे दिवस रोज येत नाहीत.

सभागृह खच्चून भरलेलं. सुरुवातीला दादूने देवाला गाऱ्हाणं घातलं. दादू म्हणजे आमच्या आळीतला ऐंशीचा म्हातारा. ह्याच्या गाऱ्हाण्याशिवाय इथे बोअरवेलसुद्धा खणत नाहीत. ज्ञानस्पर्धेला गाऱ्हाणं नको, असं मी एकोणीस वर्षं सांगतोय.

"बा देवा म्हाराजा! आज ही पोरंटोरं, म्हातारीकोतारी तुज्या पायाशी परीक्षेला बसली हायत, त्यांना येळंवर उत्तर आठवू दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं सभागृह.

"कोनाचा काय चुकला-माकला आसंल तर पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आन् ज्याला आपली चूक दिसत नाय, त्याला ती दाकव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" संदेश तर माझ्याकडे बघून ओरडला. एकटा मी गप्प होतो. कुणीतरी शहाणं असायला हवं.

नऊ संघ. प्रत्येकाच्या टेबलावर सायकलची घंटी. राजकारणाची फेरी. विधान परिषदेचे सदस्य किती, ह्यावर खेडचे दोन प्राध्यापक अजून कपाळ चोळत होते तोवर घंटी वाजली. आवडाबाई.

"आठ्ठ्याहत्तर."

बरोबर होतं. मग राज्यघटनेची परिशिष्टं. "बारा. आदी आठ व्हती." हेही बरोबर. चार प्रश्न, चार उत्तरं, तीही कमरेवर हात ठेवून. मला राहवलं नाही. माइकवरून विचारलं, "आवडाबाई, हे तुम्हाला कुठून कळलं?"

"तुमच्याच पेपरातना, मास्तर. तुमी लाल पेनानं खुना करून ठेवता ना, तेवडा मी आदी वाचते, मंग बांगडा गुंडाळते. बारा वर्सा झाली."

सभागृह पाच मिनिटं हसत होतं. माझ्या पाठीमागे माझ्याच खर्चाने एक कोळीण बारा वर्षं शिकत होती आणि मला पत्ता नाही! नियमात बसत असेल, पण ही शुद्ध चोरी आहे. तिच्या ज्ञानाला खवल्यांचा वास येतो, एवढं समाधान.

संगीताच्या फेरीबद्दल न लिहिलेलं बरं. गाण्यांची नावं मी ह्या वहीत लिहिणार नाही, वहीला काही प्रतिष्ठा आहे. ढोलकीचा एक ठोका पडला की यमुनेची घंटी. सतारीचा एक सूर, यमुनेची घंटी. पाचातली चार गाणी तिने उचलली. चौथ्या गाण्याला तर संदेशने बटणावरून बोट उचलायच्या आत तिचा हात घंटीवर होता, आणि मलाही तो सूर कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. कार्डं लिहिताना चालायचा तोच भोंगा असावा. ह्याला ज्ञान म्हणत असतील तर पोपटालाही पदवी द्यावी.

भूगोलात खेडवाल्यांनी गाठलं. शेवटच्या प्रश्नाला 'पायरी' आणि खेड, दोघांचे नव्वद नव्वद. फिरती ढाल मधल्या टेबलावर. समोरच्या रांगेत अध्यक्षांसकट अख्खी कमिटी.

पडद्यावर प्रश्न आला. कोयनेचं पाणी शेवटी कुठल्या समुद्रात जातं?

यमुनेने घंटी लगेच वाजवली नाही. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. छत्तीस वर्षांत तिने इतका वेळ माझ्याकडे बघितलं नसेल. मग घंटी वाजवली.

"अरबी समुद्र."

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरं वाटलं. संध्याकाळभर कोळणीने आणि ढोलकीने माझी जी शोभा केली होती, तिचं उट्टं एका वाक्यात निघालं. "चूक!" मी म्हटलं. खेडवाले बंगालचा उपसागर म्हणाले. "बरोबर. कोयना कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला. आठवीचा भूगोल आहे, यमुनाबाई."

मागच्या रांगांत गलका उठला. कुणीतरी ओरडलं, "ओ सर, मग पोफळीतला पानी काय आकाशात जाताय?" आवडाबाई उभी राहून हातवारे करायला लागली. संदेश मोबाइल घेऊन माझ्याकडे निघाला. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. खोटं कशाला लिहू, मी माझी खुर्ची थोडी मागे घेतली. मला काही शंका नव्हती, पण गर्दीचा काय भरवसा?

तेवढ्यात यमुना उठली. आवडाबाईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "पत्रकात छापलंय ना, चाळके सरांचा निर्णय अंतिम? मग झालं. माझं उत्तर चुकलं."

संदेश अर्ध्या वाटेवरून परत गेला. ढाल खेडला गेली.

शेवटी सत्यापुढे मान तुकवावीच लागते. चारचौघांत कबूल केलं, हा तिचा मोठेपणा मी मान्य करतो. रिक्षात मी तिला तसं म्हणालोही. ती बाहेर बघत होती.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला गेलो. संदेशने कमिटीचं पत्र हातात दिलं: स्पर्धा 'कोणत्याही वादाशिवाय' पार पडल्याबद्दल आभार, आणि एकविसाव्या वर्षीही प्रश्नकर्ता मीच. देताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. हल्लीच्या मुलांना रीत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

आवडाबाई दारावरून पुढे गेली. थांबली नाही. मी हाक मारली तर म्हणाली, "आज मासली नाय." पाटीतून पापलेटाची शेपटी बाहेर आलेली मला स्पष्ट दिसली.

दुपारी पिठलं.

३१ जानेवारी, शनिवार

पुन्हा पिठलं. पेपरांचा गठ्ठा पायरीवर पडून आहे.

घरात शांतता आहे. यमुना बोलते, नाही असं नाही. चहा झाला, औषध घ्या, पंखा बंद करू का. पण रेडिओ बंद. गुणगुणणं बंद. इतकी वर्षं जी शांतता मागत होतो ती मिळाली आहे, आणि आज दुपारी एकही नोंद न करता मी दीड तास नुसता वही उघडून बसलो होतो. वयाचा परिणाम.

काल दादू रस्त्यात भेटला. म्हणाला, "सर, वैनीनं तुमची खुर्ची वाचवलान." मी म्हटलं, "खुर्ची उत्तराने वाचते, दादू." तो म्हणाला, "तेच म्हनतंय मी." म्हातारा बहकत चाललाय.

तरीही हा विषय एकदाचा मिटवला पाहिजे. पोफळीला जाऊन एखाद्या जबाबदार इंजिनिअरकडून लेखी आणायचं, कोयना पूर्वेला वाहते. ते वाचनालयाच्या फळ्यावर लावायचं. यमुनेला सांगितलं, चिपळूणला दातांच्या डॉक्टरकडे जातोय.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या एसटीने चिपळूण. पोफळीची गाडी सुटायला तास होता, म्हणून पाय मोकळे करत वाशिष्ठीच्या पुलापर्यंत गेलो.

हे मला नीट लिहायचं आहे.

नदी वाहत होती. फेब्रुवारीत. आमच्याकडच्या नद्यांत आत्ताच गोटे दिसायला लागलेत, पोरं पात्रात क्रिकेट खेळतात. ही चांगली भरून वाहत होती. मी खेडला सहा वर्षं नोकरी केली. दर मे महिन्यात ह्याच पुलावरून एसटीने घरी यायचो आणि खिडकीतून हेच वाहतं पाणी बघायचो. आणि जूनमध्ये वर्गात सांगायचो, मुलांनो लिहून घ्या, कोकणातल्या नद्या उन्हाळ्यात आटतात. हिला मे महिन्यात पाणी येतं कुठून, असा प्रश्न सहा वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आला नाही. प्रश्न काढणं हा माझा धंदा!

पुलावर एक बाई धुण्याचं बोचकं घेऊन उभी होती. तिला विचारलं, पाणी रोज इतकंच असतं का? म्हणाली, "लाइट बनवतात तवा चडताय, बंद केलानी की उतारताय." हे सांगताना तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी ढ मुलांकडे बघायचो.

तरी पोफळीला गेलोच. इंजिनिअर वगैरे कोणी भेटला नाही, परवानगीशिवाय फाटकाच्या आत सोडत नाहीत. वसाहतीबाहेर टपरीवर चहा घेतला. टपरीवाला माझ्याएवढाच. त्याला म्हटलं, एक शंका आहे, आणि चहाच्या ग्लासाकडे बघत प्रश्न विचारला. लेखी बिखी काही मागितलं नाही.

त्याने ओल्या बोटाने टेबलावर रेघ ओढली. धरणात अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने इकडे येतं, इथे खाली पडतं, वीज होते, पुढे कोळकेवाडीला पुन्हा वीज होते, मग वाशिष्ठी, मग दाभोळची खाडी. तिकडे पूर्वेला थोडंच सोडतात. "पन इकडचा सगला अरबी समुद्रात. इतल्या बारक्या पोरालाबी म्हायत हाय." त्याची रेघ आणि सासऱ्यांची वरणाची धार, दोन्ही एकाच वळणाने गेली.

मग विचारलं, "पावनं कुटलं?" मी सांगितलं, देवरूख, आणि कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं की रघू फिटरचा जावई.

"म्हंजे मास्तर! रगूदादा कायम सांगायचा. माजा जावई भूगोलाचा मास्तर हाय, त्याला येकदा बोगदा दाकवायचाय, त्यो बगील तर पोरांना शिकवील. फाटकावरच्या साएबाकडना दर दिवाळीला पास काडून ठेवायचा तुमचा."

पैसे घेईना. मी चहा अर्धाच प्यायलो.

चिपळूणकडच्या त्या पोरांना मी छडी मारली होती. त्यांची नावं आठवायचा येताना गाडीत प्रयत्न केला. एकाचंही आठवलं नाही. काखेत कळसा असलेल्या माणसाला लोक हसतात तरी. मी कळसा काखेत घेऊन चौतीस वर्षं दुसऱ्यांना मारत होतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी यमुना ओट्यापाशी कुळीथ निवडत बसली होती. मी समोरच्या स्टुलावर बसलो. कसं सुरू करावं ते कळेना. मला एकच पद्धत येते.

"कोयनेचं पाणी शेवटी कुठल्या समुद्रात जातं?"

तिचा हात थांबला नाही. वरही बघितलं नाही. खडा बाजूला काढला आणि म्हणाली,

"बंगालच्या उपसागरात."

असं वाटलं, की कुणीतरी मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं. छत्तीस वर्षं ही मला माझीच उत्तरं देत आली होती आणि मी तिला गुण देत होतो.

"चूक," मी म्हटलं.

आता तिने वर बघितलं. बराच वेळ. मग ताट खाली ठेवलं.

"दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं का?"

"पुलावरच्या बाईने सांगितलं. मग टपरीवाल्याने. आणि तुझ्या बाबांनी." मी ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "ते पास काढून ठेवायचे म्हणे. दर दिवाळीला."

"मला माहीत आहे. मीच परत नेऊन द्यायचे."

कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला.

"मग माझे दहा गुण?" ती म्हणाली.

दहा गुण म्हणजे ढाल. ढाल म्हणजे कमिटी. कमिटी म्हणजे खुर्ची. हे तिलाही कळत होतं आणि तरीही तिने मागितले. मागायलाच हवे होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वाचनालयाच्या फळ्यावर माझ्या सहीने सूचना लावली. शेवटच्या प्रश्नाला 'पायरी'चं उत्तर बरोबर होतं, पंच चुकला होता. सूचना यमुनेच्या अक्षरात आहे, माझं कुणाला लागलं नसतं. लिहिताना ती गुणगुणत होती. मी आतून ओरडलो नाही.

खेडचे प्राध्यापक ढाल स्वतः घेऊन आले. बरे लोक आहेत, त्यांच्याबद्दल मागच्या वहीत जे लिहिलंय ते जरा जास्त झालं. कमिटीने मला खुर्चीतून मोकळं केलं. आभाराचं पत्र नाही. पुढच्या वर्षी प्रश्न मनस्वी काढणार, तीच आस्तानावाली. पत्रकावरची ती ओळही काढून टाकणार आहेत. संदेशने हे सगळं सांगितलं, चहा घेतला आणि आज माझ्याकडे बघून बोलला.

आवडाबाई सकाळी पायरीवर टेकली. सौंदाळे ठेवले, पेपरांचा गठ्ठा उचलला. "मास्तर, खुना करायच्या थांबवू नका हां. मी पुडच्या वर्सालाबी बसतंय."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खुर्ची नाही म्हणजे आता मलाही स्पर्धेत बसता येईल. पण जोडी लागते. चार दिवस विचार करून यमुनेला विचारलं.

"माझी जोडीदार आहे," ती म्हणाली. "आवडाबाईला मी शब्द दिलाय."

"समजा तिला नाही जमलं तर?"

"तर बघू. पण राजकारण-भूगोल ठीक आहे हो, गाण्यांचं काय करणार तुम्ही?"

तेव्हा असं ठरलंय की रोज सकाळी चहाबरोबर एक गाणं. ती पहिले दोन सेकंद वाजवते आणि मी ओळखायचं. आज तिने ते वाजवलं, टेबलावर कार्डं लिहिताना एकोणीस वर्षं चालायचं ते. सूर मी ओळखला, कुठे ऐकलाय तेही सांगितलं, कोण गुणगुणायचं तेही सांगितलं. ती म्हणाली, हे सगळं बरोबर आहे, पण नाव सांगा.

नाव येत नव्हतं.

"चूक," ती म्हणाली. निर्णय अंतिम. गुण शून्य.

नाव विचारून घेतलं आणि नव्या, अठ्ठाविसाव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.